सरकारी दप्तरातली रूढी

पालघर जिल्हा कागदावर आला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. पण या मुलखातली माणसे, त्यांचे देव, त्यांची लग्ने, भातशेती, ताडी आणि होड्या यांचे वर्णन त्याआधी एकशे बत्तीस वर्षे छापून तयार होते. मुंबई सरकारने १८८२ मध्ये ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर प्रसिद्ध केले. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मालिकेतला हा तेरावा खंड दोन भागांत होता, आणि गावे, किल्ले, लेणी यांची माहिती देणारा चौदावा खंड त्याच्या जोडीला होता. त्या काळी पालघर नावाचा तालुका नव्हता. पालघर आणि बोईसर ही माहीम तालुक्यातून जाणाऱ्या रेल्वेमार्गावरची स्थानके होती. तारापूर मात्र जुने बंदर, पोर्तुगिजांच्या किल्ल्याचे गाव. डहाणू, वाडा, वसई हे शेजारचे तालुके आणि डोंगरात जव्हारचे संस्थान.

हे खंड आज संशोधक आवडीने चाळतात. वारली लग्नात धवलेरी विधी चालवते, राब कसा भाजतात, किनाऱ्यावरची जाळी कशी असतात, असे कितीतरी तपशील त्यांत सापडतात. पण हे ग्रंथ कुतूहलापोटी लिहिले गेले नव्हते. कलेक्टर, असिस्टंट कलेक्टर, जंगल अधिकारी, अबकारी अधिकारी आणि न्यायाधीश यांच्या हाताशी असावेत म्हणून ते तयार झाले. सारा किती घ्यायचा, जंगलात कोणाला जाऊ द्यायचे, दारूवर कर कसा बसवायचा, कोणाचे लग्न कोर्टात लग्न म्हणून उभे राहील, हे ठरवण्यासाठी राज्यकर्त्यांना रूढी माहीत असाव्या लागत.

रूढी विचारायची, लिहून घ्यायची आणि मग तिचा निवाडा करायचा, हे वसाहतीच्या कारभाराचे सूत्र होते. विचारणाऱ्याच्या हाती केवळ माहिती आली नाही. कोणती रूढी हक्क ठरेल, कोणती सरकारच्या मेहरबानीची सवलत ठरेल आणि कोणती गुन्हा ठरेल, हे सांगण्याचा अधिकारही त्याच्याकडे गेला. पालघर-बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात या तिन्ही गोष्टी घडल्या. त्यांचे परिणाम आजही तहसील कचेरीत, ग्रामसभेत आणि कोर्टात दिसतात. या विषयाची ओळख करून देताना म्हणूनच लंडन-कलकत्त्यापेक्षा या पट्ट्यापासून सुरुवात करणे योग्य.

रूढी लिहून घेणारे इंग्रज पहिले नव्हेत. गोवा जिंकल्यावर सोळा वर्षांनी, १५२६ मध्ये, आफोन्सो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने तिथल्या गावकरीचे हक्क आणि चालीरीती यांची सनद तयार केली. गावकऱ्यांनी एकत्र मिळून जमीन कसायची आणि सारा भरायचा, ही व्यवस्था पोर्तुगिजांना मोडायची नव्हती. ती लिहून पक्की करायची होती, कारण सारा तिच्यातूनच येत होता. पुढे १५५४ मध्ये सिमांव बोतेल्यो याने पोर्तुगीज मुलखाच्या उत्पन्नाची मोठी नोंदवही केली आणि तीत वसईच्या प्रांतातल्या उत्पन्नाचीही नोंद झाली. तारापूर, केळवे-माहीम, डहाणू ही ठाणी १७३९ पर्यंत पोर्तुगिजांकडे होती. त्या वर्षी चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तारापूरचा किल्ला मराठ्यांनी घेतला. मराठ्यांच्या काळातही या भागात आकारणीच्या जुन्या स्थानिक पद्धती चालत होत्या. भातजमिनीचा आकार कुठे मुड्यांत म्हणजे धान्यात ठरे, कुठे मोजणी न करता ठोक ठरे. डोंगरातल्या वस्त्यांत तो नांगरावर किंवा कोयत्यावर बसे.

यात एक फरक लक्षात घ्यायला हवा. पोर्तुगिजांना आणि पेशव्यांना कोणाकडून काय येणे आहे हे जाणून घ्यायचे होते. १८१८ नंतर आलेल्या कंपनी सरकारला त्याहून जास्त हवे होते. त्याला एकसारखी कोर्टे चालवायची होती. दूरच्या देशातून आलेला, इथली भाषा जेमतेम कळणारा न्यायाधीश कुणबी, कोळी, वाडवळ, पारशी, मुसलमान यांच्या वाटणीचे, वारशाचे आणि लग्नाचे तंटे सोडवणार होता. निकालाला आधार काय घ्यायचा?

मुंबई इलाख्याचे उत्तर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या गव्हर्नरपदाच्या काळात तयार झाले. १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनच्या सव्विसाव्या कलमाने क्रम लावून दिला. प्रथम पार्लमेंटचे आणि सरकारचे कायदे. ते नसतील तर ज्या मुलखात दावा उभा राहिला तिथली वहिवाट. तीही नसेल तर प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा. आणि काहीच नसेल तर न्याय, समता व सद्सद्विवेक. बंगालमध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या वेळेपासून हिंदूंना शास्त्र आणि मुसलमानांना शरीयत अशी ग्रंथाधारित विभागणी रुजली होती. मुंबईने वहिवाटीला ग्रंथाच्या आधी बसवले, हे या इलाख्याचे वैशिष्ट्य.

पण वहिवाट लिहिलेली कुठे होती? म्हणून चौकशा सुरू झाल्या. आर्थर स्टील यांनी दख्खनमधल्या हिंदू जातींचे कायदे आणि चाली यांचा सारांश सरकारच्या हुकमावरून तयार केला. तो १८२७ च्या सुमारास छापला गेला आणि १८६८ मध्ये लंडनहून पुन्हा निघाला. शास्त्री आणि जातींचे प्रमुख यांना प्रश्न विचारायचे, उत्तरे विषयवार मांडायची, ही त्यांची रीत होती. गुजरातेत हॅरी बोराडेल यांनी तेच काम जातीनिहाय केले. दत्तक कोण घेऊ शकतो, विधवेला काय मिळते, पाट लावता येतो का, काडीमोड कशी होते, जातीबाहेर कशामुळे काढतात, असे हे प्रश्न.

उत्तरे देणारे कोण होते, हा वाचकाने लक्षात ठेवायचा मुद्दा आहे. जातीचे प्रमुख पुरुष, शास्त्री, सावकार आणि वतनदार हे उत्तरे देत. जातीतल्या बायकांना बहुधा कोणी विचारले नाही. स्टील यांचे काम दख्खनच्या प्रांतांपुरते होते. उत्तर कोकणातले वारली, काथोडी, ठाकूर, दुबळा आणि मांगेला यांच्यासाठी त्या तोडीचा कायद्याचा ग्रंथ झालाच नाही. त्यांच्या चालीरीती पुढे मिशनऱ्यांच्या लेखांत आणि गॅझेटिअरमध्ये आल्या. पुण्या-सुरतेच्या जातींच्या रूढी न्यायाधीशाच्या मेजावर पोचल्या. जंगलातल्या लोकांच्या रूढी मुख्यतः महसूल, जंगल आणि अबकारी खात्यांच्या मेजावर पोचल्या. या एका फरकाने पुढचे बरेच काही ठरले.

न्यायाधीशाच्या मेजावर पोचलेली रूढीही सुरक्षित नव्हती. १८६४ मध्ये मुंबई हायकोर्टापुढे करसन गोजा याचा खटला आला. तळपदा कोळी जातीत नवरा सोडून, त्याच्या संमतीशिवाय, बाई दुसरे घर करू शकते, अशी जातीची चाल असल्याचे बचावात मांडले गेले. ती चाल अनीतीची आहे म्हणून कोर्ट तिला मान्यता देणार नाही, असा निकाल झाला. चार वर्षांनी, १८६८ मध्ये, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मदुरेच्या कलेक्टरच्या प्रसिद्ध खटल्यात सांगितले की स्पष्टपणे सिद्ध झालेली वहिवाट लिखित शास्त्राच्या वर राहील. हे दोन निकाल एकत्र ठेवले की सगळे चित्र उलगडते. रूढी श्रेष्ठ, मात्र ती सिद्ध करावी लागेल आणि न्यायाधीशाला ती नीतीची वाटावी लागेल. जिच्या जातीने तिला दिलेली मोकळीक व्हिक्टोरियन नीतीला रुचली नाही, त्या बाईची वाट बंद झाली.

उत्तर कोकणातल्या वनवासींवरचा एक आरंभीचा विस्तृत लेख स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांचा. मुंबईच्या विल्सन कॉलेजला ज्यांचे नाव आहे तेच हे. वारली आणि काथोडी यांच्याविषयीचा त्यांचा लेख रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८४३ मध्ये आला. विल्सन यांना मराठी येत होती, ते पाड्यांवर गेले, लोकांशी बोलले. देव कोणते, मेल्यावर माणसाचे काय होते, लग्न कसे लागते, असे प्रश्न त्यांनी विचारले. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. तरी लोकांच्या तोंडून ऐकून लिहिण्याची शिस्त त्यात होती. चार दशकांनी निघालेल्या गॅझेटिअरमागे मात्र मोठी यंत्रणा होती. ए. के. नेर्न, डब्ल्यू. एफ. सिंक्लेअर, कलेक्टर मुलॉक यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी मजकूर दिला. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पुरातत्त्वाची बाजू सांभाळली. नालासोपाऱ्याचा स्तूप त्यांनी १८८२ मध्येच उकरला.

या खंडांतली विशेषणे सावधपणे वाचायला हवीत. अमुक जात काटकसरी, तमुक आळशी, अमुक दारूची शौकीन, तमुक आज्ञाधारक, असे शेरे त्यांत पानोपानी आहेत. ते एका वाक्यात येतात आणि पुढच्या अधिकाऱ्याच्या डोक्यात कायमचे बसतात. एखादा समाज पिणारा आणि उडाणटप्पू आहे हे एकदा छापले गेले की त्याची झाडे, त्याची फुले आणि त्याची भट्टी यांवर निर्बंध आणणे हे त्याच्याच भल्याचे काम ठरते. वर्णन आणि कायदा यांतले अंतर इतके थोडे असते.

आता राबाकडे वळू. भातशेती करणाऱ्या पालघर, मनोर, वाडा, विक्रमगड, जव्हार या भागात तो सगळ्यांच्या ओळखीचा. भाताचे रोप ज्या वाफ्यात करायचे त्या जागेवर उन्हाळ्यात शेण पसरतात, त्यावर झाडांचे छाटलेले टहाळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि वर मातीचा पातळ थर. वारा पडला असेल अशी वेळ बघून वाऱ्याच्या उलट्या बाजूने आग लावतात, म्हणजे ती सावकाश धुमसत जमीन भाजते. तणाचे बी जळते, राख मातीत मिसळते, आणि पहिल्या पावसाबरोबर पेरलेले भात जोमाने वर येते. महिन्याभरात रोप उपटून लावणी होते. यासाठी शेताला लागून वरकस जमीन लागे. तिथे नागली-वरी पिके, आणि तिथल्याच झाडांचा टहाळ राबाला येई. शेताला वरकस नसेल तर शेतकरी जंगलात जाई. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आले होते.

१८७८ च्या इंडियन फॉरेस्ट ॲक्टने जंगलांचे वर्ग पाडले आणि राखीव जंगलासाठी एक कार्यपद्धती ठरवली. अधिसूचना काढायची, किमान तीन महिन्यांच्या मुदतीत लोकांनी आपले दावे लेखी वा तोंडी मांडायचे, सेटलमेंट ऑफिसरने चौकशी करायची. मुदतीत दावा न आल्यास हक्क संपला असे धरायचे. कायदा तयार होत असताना अधिकाऱ्यांतच वाद झाला. बेडन-पॉवेल यांचे म्हणणे होते की गावकरी जंगलातून जे घेतात तो हक्क नव्हे, सरकारने दिलेली मुभा आहे. सरकारने दान दिल्याचा कागद दाखवा, तरच हक्क. डीट्रिख ब्रँडिस यांना वहिवाटीची इतकी सरसकट वासलात मान्य नव्हती. कायद्याचा कल मात्र बेडन-पॉवेल यांच्याकडे राहिला.

मनोरच्या जंगलातल्या पाड्यावरच्या माणसाला यातले काय कळले असेल? त्याला वाचता येत नव्हते. अधिसूचना तालुक्याच्या कचेरीत. त्याचा दावा कशाचा? ज्या झाडाचा टहाळ त्याचा आजा तोडत होता त्या झाडाचा. पुरावा कोणता? आजा तोडत होता, हाच. जी वहिवाट १८२७ च्या कलमात कोर्टाचा आधार होती, तीच पन्नास वर्षांनी जंगल खात्यापुढे कागदाअभावी निराधार झाली.

ठाणे जिल्ह्यात असंतोष इतका वाढला की ठाणे फॉरेस्ट असोसिएशन उभी राहिली, शेतकऱ्यांच्या तक्रारी अर्जांतून आणि वर्तमानपत्रांतून सरकारपुढे गेल्या आणि १८८५ मध्ये मुंबई सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ चा. त्याच्यापुढे शेतकरी, जमीनदार, अधिकारी यांच्या साक्षी झाल्या. राब हा नासाडीचा प्रकार आहे, की मुसळधार पावसाच्या मुलखातली शहाणी शेती आहे, यावर खल झाला. १८८९ मध्ये आलेले कृषिरसायनज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८९३ च्या त्यांच्या अहवालात राबाची चर्चा केली. हिंदुस्थानातला शेतकरी अडाणी आहे हा समज त्या अहवालाने खोडून काढला. राब पूर्णपणे बंद झाला नाही. पण तो चालू राहिला तो नियमांच्या चौकटीत, काही झाडे वगळून, काही जंगले सोडून. हक्काची सवलत झाली, आणि सवलत काढून घेता येते.

काथोड्यांची गत याहून वाईट झाली. खैराच्या झाडापासून कात काढणे हा त्यांचा धंदा. खैर सरकारच्या राखीव झाडांत गेला आणि धंदा हातचा सुटला. मग कोळसा पाडणे, लाकूड वाहणे आणि ठेकेदाराकडे मजुरी हेच उरले.

तिसरा प्रकार गुन्ह्याचा. त्याचे ठळक उदाहरण मोह आणि ताड. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुले गळतात. बाया-पोरे ती वेचून वाळवतात. अडचणीच्या दिवसांत ती खातात, बियांचे तेल काढतात आणि फुलांची दारू गाळतात. हिरवा देव, कणसरी, वाघदेव यांच्या पूजेत, लग्नात, मरणाच्या विधीत दारूची वा ताडीची धार लागतेच. किनाऱ्यावर डहाणूपासून वसईपर्यंत ताड-शिंदीच्या रांगा आणि त्यांवर चढणारे भंडारी. पोयीला काप द्यायचा, मडके बांधायचे आणि सकाळी उतरवायचे. हे सगळे अधिकाऱ्यांनी नीट पाहून लिहिले.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी काढण्याला परवाना आणि प्रत्येक झाडावर कर लावला. गावठी भट्ट्या बंद करून दारू सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्टीतून मक्तेदारामार्फत विकायची पद्धत पसरली. घरची ताडी पिणाऱ्याला दुकानातली महाग दारू विकत घ्यावी लागली. घरी गाळली तर दंड किंवा कैद. तरी चोरून गाळणे थांबेना, म्हणून सरकार फुलापर्यंत आले. १८९२ चा मोहवा कायदा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी झाला. मोहाची फुले बाळगणे आणि त्यांची ने-आण यांवर त्याने बंधने घातली. फुलाचा उपयोग दारूसाठी होतो हे सरकारला ठाऊक होते. ते अन्नही आहे हेही त्याच अधिकाऱ्यांनी लिहून ठेवले होते. दोन नोंदींतून महसुलाला उपयोगी पडणारी नोंद कायद्यात आली.

लग्नाच्या रूढीची कथा आणखी गुंतागुंतीची आहे. वारल्यांत मुलाकडच्यांनी मुलीकडे देज द्यायचे असते; जमातीला जेवण, दारू, धवलेरीचा मान हा खर्च वेगळा. पैसा नसेल तर मुलाने सासऱ्याच्या घरी काही वर्षे राबून लग्न करावे, ही सोय रूढीतच होती. विधवेचे दुसरे लग्न सहज होते. या समाजाने आपल्या गरिबीला झेपेल अशी वाट स्वतः काढली होती. पण सर्व्हे सेटलमेंटनंतर जमिनीला खातेदार आला, सारा रोखीत आला, जमीन विकण्या-गहाण ठेवण्याजोगी झाली आणि सावकार-जमीनदारांच्या हाती ती जात राहिली. कसणारा कुळ झाला, कुळाचा वेठबिगार झाला. लग्नासाठी मालकाकडून कर्ज घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचे, या पद्धतीतून लग्नगडी तयार झाला. कर्ज फिटत नसे.

हे सरकारच्याच एका अधिकाऱ्याने लिहून ठेवले. डी. सिमिंग्टन हे आयसीएस अधिकारी. १९३५ च्या कायद्यानुसार डहाणू, शहापूर, मोखाडा, उंबरगाव हा भाग अंशतः वगळलेले क्षेत्र ठरला, आणि अशा क्षेत्रांतल्या आदिवासींच्या स्थितीवर त्यांचा अहवाल १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. वेठ, मारहाण, कर्जाची गुलामी, जंगल ठेकेदारांची लूट यांची नोंद त्यांनी स्पष्ट शब्दांत केली. आधीच्या गॅझेटिअरने जिथे लोकांचा स्वभाव वर्णिला होता तिथे सिमिंग्टन यांनी जमीनदाराचे वागणे वर्णिले. वसाहतीच्या दप्तरात असेही कागद आहेत, आणि ते न वाचता सगळे दप्तर एका रंगात रंगवणे चुकीचे होईल.

अहवाल लिहिला गेला, पण वेठ थांबली ती लोकांच्या संघटनेने. २३ मे १९४५ रोजी उंबरगाव तालुक्यातल्या झरी येथे किसान सभेच्या मेळाव्यात वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होते. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्यांचे सोबती हुतात्मा झाले. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात या लढ्याची हकिकत आहे. वेठ ही पिढीजात चाल आहे, असे म्हणणाऱ्या मालकांना वारल्यांनी उत्तर दिले की ही आमची चाल नव्हे. जुलूम रूढीच्या नावाखाली उभा केला जातो, आणि नोंद करणारा बेसावध असला तर तो जुलूमही रूढी म्हणून लिहिला जातो.

नोंदीच्या कामाचा शेवटचा मोठा टप्पा विसाव्या शतकाच्या आरंभी आला. १९०१ च्या जनगणनेबरोबर देशभर मानववंशशास्त्रीय पाहणी ठरली. मुंबई इलाख्यात ती आर. ई. एन्थोव्हेन यांच्याकडे होती आणि तिच्यातून जाती-जमातींवरचे तीन खंड १९२० ते १९२२ मध्ये निघाले. त्याआधी ए. एम. टी. जॅक्सन यांनी लोकसमजुतींची प्रश्नावली शाळामास्तरांकडे पाठवली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकला अनंत कान्हेरे यांच्या गोळीने जॅक्सन मारले गेले. त्यांचे साहित्य एन्थोव्हेन यांनी पूर्ण केले, त्यात कोकणचा स्वतंत्र खंड आहे. गावच्या देवीपासून भुताखेतांपर्यंतची ही माहिती मराठी मास्तरांनी जमवली होती. बहुतेक मास्तर वरच्या जातींतले. पाड्यावरच्या देवांविषयी त्यांनी जे लिहिले ते ऐकीव किती आणि पाहिलेले किती, हे तपासूनच घ्यावे लागते. तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. हे ज्ञान साहेबाने एकट्याने उभे केले नाही. कारकून, मामलेदार, तलाठी, शास्त्री आणि मास्तर यांच्या लेखणीवर ते उभे आहे, आणि त्या लेखणीचे पूर्वग्रहही त्यात उतरले आहेत.

हा सगळा इतिहास झाला, असे म्हणून पुस्तक मिटता येत नाही. अंशतः वगळलेल्या क्षेत्रांची कल्पना राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत नव्या रूपाने आली. आज डहाणू, तलासरी, मोखाडा, जव्हार, विक्रमगड हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. पालघर तालुक्याचा काही भागही आहे. १९९६ चा पेसा कायदा सांगतो की अशा क्षेत्रातले पंचायतीविषयीचे कायदे तिथल्या रूढी, सामाजिक-धार्मिक प्रथा आणि सामूहिक साधनसंपत्तीच्या परंपरागत व्यवस्थापनाशी सुसंगत असावेत. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाहीत. म्हणजे वारली, कोकणा, मल्हार कोळी यांच्या लग्न-वारशाचे तंटे आजही रूढीवर जातात, आणि रूढी सिद्ध करण्याचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोंड कुटुंबाच्या एका प्रकरणात निर्णय दिला: बाईला वारसा नाकारणारी रूढी सिद्ध झालेली नाही, तेव्हा तिच्या वारसांना समान वाटा मिळेल. १८६४ मध्ये कोर्टाच्या नीतीने बाईची मोकळीक काढून घेतली होती. १६१ वर्षांनी कोर्टाने समतेच्या बाजूने निकाल दिला. दोन्ही वेळा रूढी काय आहे हे ठरवण्याची जागा गावाबाहेर होती.

समुद्राकडे पाहिले तर प्रश्न आणखी अवघड होतो. सातपाटी, दांडी, तारापूर, घिवली, वरोर या गावांतल्या मच्छीमारांच्या डोलजाळ्यांच्या जागा, म्हणजे कवी, ठरलेल्या असतात. कोणाची कव कुठे हे किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत असते. त्यावरून तंटे होतात आणि मिटतातही. पण कवीचा सातबारा नसतो. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, त्याच्या विस्तारात अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराचा पायाभरणी समारंभ झाला. अशा प्रत्येक वेळी शासन पुन्हा लोकांना विचारते: तुमचे इथे काय आहे? कागद असेल त्याला उत्तर सोपे. ज्याचे सगळे जगणे वहिवाटीवर, त्याला ते सोपे नाही.

अशा वेळी जुन्या दप्तराचा एक उपयोग मात्र लोकांच्या बाजूने झाला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत कोणते पुरावे चालतील याची यादी आहे, आणि तिच्यात गॅझेटिअर, जनगणना, सर्व्हे-सेटलमेंटचे अहवाल, नकाशे, जंगल चौकशीचे अहवाल यांचा समावेश आहे. ज्या खंडांच्या आधारे जंगलावरचे हक्क आखडले गेले, तेच आज दाव्याला जोडता येतात. वरकस, राब, दळी, एकसाली यांच्या जुन्या नोंदी सापडल्या तर दाव्याला बळ येते. म्हणून हे ग्रंथ फक्त विद्यापीठाच्या कपाटात राहू नयेत. ते मराठीत यावेत, ग्रामपंचायतीच्या कपाटात असावेत, आणि वनहक्क समितीवरच्या तरुणांनी ते प्रश्न विचारत वाचावेत: हे कोणी सांगितले, कोणाला विचारले नाही, आणि या नोंदीचा पुढे कशासाठी उपयोग झाला?

त्याच नियमांत आणखी एक पुरावा मान्य आहे: दावेदारांखेरीज गावातल्या वडीलधाऱ्यांनी दिलेला आणि लिहून घेतलेला जबाब. ज्यांना कव कुठली, राबाचे रान कुठले, देवाची राई कुठपर्यंत, धवलेरी कोणत्या घरची हे ठाऊक आहे अशी माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. पालघर, डहाणू, जव्हार, विक्रमगडच्या ग्रामसभांनी त्यांचे जबाब याच वर्षी लिहून घ्यावेत, बायकांचे आवर्जून घ्यावेत, आणि ग्रामसभेच्या ठरावात नोंदवून त्याची एक प्रत गावातच ठेवावी.